रात्रीचं चूर्ण, पिवळी गोळी आणि आईंचं पोट

पलूसहून एका मुलानं आईबद्दल विचारलं आहे. आई ६८ वर्षांच्या, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू. गेली काही वर्षं रोज रात्री पोटाचं चूर्ण घेतात. अलीकडे चूर्णानं भागेना म्हणून मेडिकलमधून आणलेली छोटी पिवळी गोळीही सुरू झाली. आधी एक, आता दोन. मुलाला धास्ती आहे ती गोळीची: सवय लागेल, आतडी सुस्त पडतील. चूर्ण आयुर्वेदिक, म्हणून त्याची काळजी नाही. सगळ्यात सुरक्षित जुलाबाचं औषध कोणतं, असा त्यांचा प्रश्न आहे. आणि जाता जाता, चार वर्षांच्या नातवालाही खडा होतो, तर हेच चूर्ण त्याला चिमूटभर द्यावं का?

नातवाला देऊ नका. का ते शेवटी सांगते. आधी आईंचं बघू.

चूर्णाचा डबा हातात घ्या आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागेल. पुढं मोठ्या अक्षरात काहीही असो, मागं घटकांच्या यादीत सोनामुखी, सनाय, स्वर्णपत्री किंवा सेन्ना असं काही लिहिलेलं सापडण्याची दाट शक्यता आहे. ही सगळी एकाच झुडपाच्या पानांची नावं. पानातलं द्रव्य मोठ्या आतड्यात पोचलं की तिथले जंतू त्याचं रूपांतर करतात, आणि त्यातून जे तयार होतं ते आतड्याच्या भिंतीला चाळवून जोरानं आकुंचन पावायला लावतं. पिवळी गोळी बहुतेक बायसाकोडिलची असणार. तिचं कामही अगदी हेच. दोन्ही रात्री घ्यायच्या, दोन्हींचा परिणाम सहा ते बारा तासांनी. म्हणजे आई एक देशी आणि एक इंग्रजी अशी दोन वेगळी औषधं घेत नाहीत, एकाच जातीच्या औषधाचा डोस चढवत चालल्या आहेत. मुलगा ज्या गोळीला घाबरतो तिच्यात निदान ५ मिलिग्रॅम असं मोजून लिहिलेलं असतं. चूर्णाच्या चमच्यात किती सोनामुखी गेली हे चमचा सपाट की शिगोशीग यावर ठरतं.

चूर्णांच्या यादीत आणखी एक गोष्ट बघा: सैंधव, काळं मीठ, सज्जीखार. थोडक्यात सोडियम. बीपीच्या पेशंटनं जेवणातलं मीठ कमी करायचं आणि रात्री चूर्णातून परत घ्यायचं, हे माझ्या ओपीडीत नेहमी दिसतं. लोणचं सोडलं, पापड सोडला, बीपी तरी उतरत नाही. मग विचारता विचारता चूर्णाचा डबा बाहेर येतो. ‘ते औषध थोडंच आहे?’ असंही वर ऐकायला मिळतं. साधं त्रिफळा, म्हणजे फक्त हिरडा, बेहडा आणि आवळा, हे वेगळं आणि पुष्कळ सौम्य. पण पुढं ‘त्रिफळा’ लिहिलेल्या डब्यातही मागं सोनामुखी असू शकते. म्हणून वाचा.

आता डोस का चढतो ते सांगते, कारण सगळी गोम तिथं आहे. एरवी आपल्याला शौचाला होते तेव्हा मोठ्या आतड्याचा खालचा भाग तेवढा रिकामा होतो, वरचा माल दुसऱ्या दिवशीसाठी असतो. चाळवणारं औषध जोरात लागलं तर वरचंही सगळं खाली येतं. विहीर तळापर्यंत उपसली की परत पाणी धरायला वेळ लागतो, तसं इथं आतडं भरायला दोन-तीन दिवस जातात. त्या दोन-तीन दिवसांत होणार नाही, आणि होऊही नये. पण माणूस दुसऱ्याच दिवशी म्हणतो, ‘आज झालीच नाही, परत बद्धकोष्ठ झालं,’ आणि रात्री पुन्हा औषध घेतो. मग आतड्यात काही नसताना औषध काय बाहेर काढणार? पाणी आणि कळ. ‘थोडी झाली, चिकट झाली, समाधान नाही’ ही तक्रार तिथून सुरू होते आणि चमचा वाढतो.

आतडी सुस्त पडतील का? ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यात तथ्य फार थोडं आहे. ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या बायसाकोडिलनं किंवा सोनामुखीनं आतड्याच्या नसा मरतात असं सिद्ध झालेलं नाही. सोनामुखी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं मोठं आतडं दुर्बिणीतून आतून काळपट दिसतं, पण तो रंग निरुपद्रवी असतो आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत जातो. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ साली मिळून जुन्या बद्धकोष्ठाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात बायसाकोडिलची शिफारस आहे: थोड्या दिवसांसाठी, किंवा इतर औषधांवर अडलं तर मधूनमधून. तेव्हा पिवळी गोळी म्हणजे विष नव्हे. ती रोजच्या जेवणासारखी घेण्याची गोष्ट मात्र नाही.

खरा धोका आतड्यात नसून रक्तात आहे. रोजच्या पातळ जुलाबातून पाणी आणि पोटॅशियम जातं. आईंच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल (हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं नाव गोळीच्या पाकिटावर बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर असतं), तर पोटॅशियम दोन्ही वाटांनी कमी होतं. पायात गोळे येणं, गळून गेल्यासारखं वाटणं, छातीत धडधड. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर हे आणखी धोक्याचं. आणि गंमत अशी की पोटॅशियम कमी झालं की आतड्याची हालचालही मंदावते, म्हणजे बद्धकोष्ठ वाढतं. शिवाय पहाटे कळ येऊन घाईनं उठायचं, अंगात पाणी कमी म्हणून चक्कर यायची, आणि न्हाणीच्या ओल्या फरशीवर पाय घसरायचा. खुब्याचं हाड मोडून मिरजेला ऑपरेशनला गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना आदल्या रात्री पोटाचं काय घेतलं होतं, हे कुणी विचारत नाही. मी विचारते.

एक गोष्ट आजच बंद करता येईल. पिवळी गोळी गरम दुधाबरोबर घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, वर चमचाभर तूपही असतं. ही गोळी पोटात न विरघळता आतड्यात जाऊन विरघळावी म्हणून तिच्यावर लेप असतो. दुधानं किंवा ॲसिडिटीच्या औषधानं तो लेप पोटातच सुटतो, आणि मग मुरडा, मळमळ. गोळी पाण्याबरोबर, अख्खी, न चावता. दूध किंवा अँटासिड घ्यायचंच असेल तर मधे निदान तासभर जाऊ द्या.

आता मी तुम्हाला एक काम सांगते. आईंची औषधांची पिशवी पलंगावर ओता. सगळी: बीपीची, शुगरची, मेडिकलमधून सुटी आणलेली, शेजारच्या काकूंनी दिलेली. कॅल्शियमची गोळी आहे? लोहाची? दोन्हींनी मळ घट्ट होतो. ॲल्युमिनियम असलेलं अँटासिड, झोपेसाठी किंवा पाय चुरचुरतात म्हणून दिलेलं अमिट्रिप्टिलिन, बीपीसाठी अम्लोडिपिन, त्याहून जास्त व्हेरापामिल. शुगरसाठी हल्ली जी वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं निघाली आहेत त्यांनीही. मधुमेह स्वतःसुद्धा बऱ्याच वर्षांनी आतड्याच्या नसा मंद करतो. पण मला सगळ्यात जास्त संशय असतो तो गुडघ्याच्या गोळीचा. तिच्यात ट्रॅमाडॉल आहे का बघा. ट्रॅमाडॉल अफूच्या वर्गातलं औषध आहे आणि आतडं जागच्या जागी थांबवतं. खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीनही तसंच. चूर्णानं भागेनासं कधी झालं आणि गुडघ्याची गोळी कधी सुरू झाली, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून पाहा. पुष्कळदा जुलाबाच्या औषधात बदल करण्याऐवजी ही एक गोळी डॉक्टरांकडून बदलून घेतली की अर्धं काम होतं. स्वतः होऊन बीपी-शुगरची गोळी मात्र बंद करू नका.

आणि आईंना नक्की बद्धकोष्ठ आहे का, हेही विचारा. रोज सकाळी झालीच पाहिजे असा शरीराचा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही ठीक, फक्त सहज आणि मऊ व्हायला हवी. एक दिवसाआड होते पण कुंथावं लागत नाही, पोट हलकं वाटतं, तर औषधाची गरज नाही. रोज होते, पण बकरीच्या लेंड्यांसारखी, अर्धा तास कुंथून, बोट घालून काढावी लागते, तर ते बद्धकोष्ठच. बोटाचं कुणी आपणहून सांगत नाही, सुनेला तर मुळीच नाही. लेकीला विचारायला सांगा.

आता सुरक्षित औषध कोणतं. सगळ्यांसाठी एक असं नाही, पण आईंसारख्या माणसाला मी बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलपासून सुरुवात करते. नाव लांबलचक आहे, मेडिकलवाले ‘पेग’ म्हणतात. पांढरी पूड, एका पुडीत साधारण १७ ग्रॅम, ग्लासभर पाण्यात विरघळवून प्यायची. ती रक्तात जवळजवळ शोषली जात नाही, आतड्यात पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ करते. शुगर वाढत नाही. मात्र ती पहिल्याच सकाळी काम करणार नाही. एक ते तीन दिवस लागतात. इथं लोक धीर सोडतात. चूर्णाची सवय असलेल्याला ‘सकाळी लागलं पाहिजे’ असं वाटतं, दुसऱ्या दिवशी दोन पुड्या घेतात आणि तिसऱ्या दिवशी पातळ होते म्हणून औषधच टाकून देतात. चार दिवस एकच मात्रा ठेवा, मग कमी-जास्त करा.

लॅक्टुलोजचं गोड पातळ औषध याच कुळातलं. १५ ते ३० मिलिलिटर, परिणाम एक-दोन दिवसांत. गोड असलं तरी नेहमीच्या मात्रेत शुगरवर फारसा फरक पडत नाही. गॅस मात्र होतो, आणि काहींना तो सोसत नाही. लिव्हरच्या आजाराच्या पेशंटला हेच औषध वेगळ्या कारणासाठी देतात, त्यांनी ते आपल्या मनानं थांबवायचं नाही.

मिल्क ऑफ मॅग्नेशिया घरोघरी असतं. किडनी चांगली असेल तर ठीक. पण मधुमेह आणि बीपी असलेल्या ६८ वर्षांच्या बाईंची किडनी चांगली आहे हे रक्तातलं क्रिएटिनिन बघितल्याशिवाय म्हणता येत नाही, आणि किडनी थकलेली असेल तर मॅग्नेशियम रक्तात साठतं. त्या बाटलीत बऱ्याचदा लिक्विड पॅराफिनही मिसळलेलं असतं. ज्यांना गिळताना ठसका लागतो किंवा जे अंथरुणाला खिळलेत, त्यांना तेलकट औषध झोपताना कधीच देऊ नका. थेंब श्वासनळीत गेला तर छातीत एक वेगळ्याच प्रकारचा न्यूमोनिया होतो. एरंडेलाला माझा विरोध याच कारणानं आहे, त्यात कळाही फार. गरोदर बाईनं तर एरंडेल घेऊच नये, त्यानं गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात.

इसबगोलबद्दल सगळे विचारतात. चांगली वस्तू आहे, पण घेण्याची रीत चुकते. एक प्रयोग करून बघा: दोन चमचे इसबगोल अर्ध्या कप पाण्यात टाका आणि चहा होईपर्यंत ठेवा. चमचा उभा राहील असा घट्ट गोळा होतो. तो तसाच आतड्यात होऊ द्यायचा नसेल तर दोन चमच्यांना मोठा ग्लासभर पाणी, टाकल्या टाकल्या प्यायचं, आणि मागून आणखी पाणी. कोरडं तोंडात टाकून घोटभर पाण्यानं उतरवणाऱ्यांच्या घशात ते अडकतं. थायरॉइड, शुगर, हृदय यांच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा, नाहीतर गोळ्या त्याच्या चिकट लगद्यात अडकतात. स्वाद घातलेल्या पुड्यांत साखर असू शकते, साधी भुशी घ्या. आणि ट्रॅमाडॉलसारख्या औषधानं आतडं थांबलेलं असेल, तर वरून भुशी ढकलून उपयोग नाही, पोट आणखी फुगतं. तिथं पेग किंवा पिवळी गोळीच बरी.

चूर्ण आणि गोळी दोन्ही एका रात्रीत बंद करू नका. आठ दिवस काहीच होणार नाही आणि आई पुन्हा डबा उघडतील. पेग रोज सुरू करा. पहिला आठवडा चूर्ण थांबवून पिवळी गोळी एक, दिवसाआड. मग दोन दिवस झालीच नाही तरच एक. मधल्या काळात सकाळच्या चहानंतर वीस मिनिटांच्या आत, कळ असो नसो, संडासात जाऊन बसायचं. पोटात काही पडलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं आणि ही हालचाल सकाळी सगळ्यात जोरकस असते. दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही. गुडघ्यामुळे कमोडवर बसत असतील तर पायाखाली देवघरातला नको, दुसरा एखादा पाट ठेवा. गुडघे कमरेच्या वर आले की मळाची वाट सरळ होते.

महिनाभर असं करूनही फरक नसेल तर प्रुकॅलोप्राइडसारखी चिठ्ठीवरची औषधं आहेत, वयस्कांना १ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. काहींचा प्रश्न औषधाचा नसतोच: जोर लावताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळले जातात. त्याला गोळी नाही, स्नायूंना शिकवायचा व्यायाम आहे.

खाण्याबद्दल थोडंच सांगते, कारण शाळूची भाकरी, मुगाची उसळ, मेथी, पोकळा हे तुमच्या घरात आहेच. प्रश्न हा की आई ते खातात का. दाढा गेल्या की भाकरी सुटते आणि चहा-खारी, मऊ भात, दूध-पाव यावर दिवस निघतो. कवळी नीट बसवून घेणं हाही बद्धकोष्ठाचा उपचार आहे. भाकरी आमटीत कुस्करून द्या. तासगावचा बेदाणा रात्री भिजवून दिला तर चालतो, शुगर आहे म्हणून मूठभर नको. पाणी कमी पीत असतील तर वाढवा. पण आधीच पुरेसं पिणाऱ्यानं चार लिटर प्यायल्यानं मळ मऊ होत नाही, लघवी वाढते, आणि हृदय किंवा किडनीच्या पेशंटला ते झेपत नाही.

आता जिथं कुठलंच जुलाबाचं औषध द्यायचं नाही ते. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वाराही सरत नाही. किंवा बेंबीजवळ सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलंय आणि ताप आहे. अशा वेळी ‘पोट साफ झालं की बरं वाटेल’ म्हणून औषध देणं जिवावर बेतू शकतं. सांगलीचं सिव्हिल किंवा जवळचं सर्जनचं हॉस्पिटल गाठा. घरी एनिमा देऊ नका. फॉस्फेटचा तयार एनिमा वयस्कांत आणि किडनीच्या पेशंटमध्ये रक्तातले क्षार बिघडवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ साली फॉस्फेटच्या औषधांचे २४ तासांत एकापेक्षा जास्त डोस घेऊ नका असा इशाराच दिला होता.

शौचात रक्त, वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी, पन्नाशीनंतर नव्यानंच सुरू झालेलं बद्धकोष्ठ, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर: यातलं काही असेल तर औषध बदलत बसू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. सांगली-मिरजेत ती सहज होते. रक्त दिसलं की ‘मूळव्याधच असणार’ म्हणून एसटी स्टँडजवळचा ‘विना ऑपरेशन’ बोर्ड गाठणारे खूप आहेत, आणि त्यातले काही वर्षभरानं आमच्याकडे येतात तेव्हा हातात फार काही उरलेलं नसतं. तुमच्या आईंना यातलं काही नसलं तरी क्रिएटिनिन, पोटॅशियम, कॅल्शियम, हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एकदा करून घ्या. थायरॉइड मंद असणं हे वयस्क बायकांत सहज नजरेआड होणारं कारण आहे.

एक फसवं लक्षण ध्यानात ठेवा. बरेच दिवस झाली नाही आणि मग अचानक पातळ, कपड्यात गळायला लागली, तर तो जुलाब नसतो. खाली घट्ट खडा बसलेला असतो आणि त्याच्या बाजूनं पातळ पाझरतं. जुलाब थांबवायची गोळी दिली की खडा आणखी पक्का होतो. डॉक्टरांनी बोटानं तपासलं की मिनिटात कळतं.

आता नातू. चार वर्षांच्या मुलाचं बद्धकोष्ठ बहुतेक वेळा भीतीचं असतं. एकदा खडा होऊन दुखलं, की पुढच्या वेळी पोरगं पाय आवळून, कोपऱ्यात उभं राहून रोखून धरतं. आपल्याला वाटतं जोर लावतंय. रोखलेला मळ आणखी वाळतो आणि पुन्हा दुखतं. अशा मुलाला सोनामुखीनं कळ आणली तर भीती दुप्पट होते. साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा देठ हेही नको. बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे पेग किंवा लॅक्टुलोज लिहून घ्या आणि ते काही महिने चालू ठेवा. दोनदा मऊ झाली म्हणून चौथ्या दिवशी थांबवलं की सगळं पहिल्यापासून. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणा, म्हणजे जेवणाला भूक राहील. जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, पायाखाली काहीतरी द्या, झाली नाही तरी ओरडू नका. बालवाडीतल्या संडासात जायला तो घाबरतो का, हे त्याच्या बाईंना विचारा. आणि चूर्णाचा डबा त्याचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा, त्याची चव आंबट-खारट असते आणि मुलांना ती आवडते.